माळ्यावरून उतरलेलं गाणं

रायप्पन वाद्यारांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कुंभकोणमच्या भांड्यांच्या गल्लीत, दुकानदाराची बोलणी खाताना. उंच, किडकिडीत माणूस. स्वच्छ धोतर, खांद्यावर उपरणं, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला छोटासा क्रूस. समोर काशाच्या वाट्यांची रास मांडलेली आणि हे गृहस्थ एकेक वाटी डाव्या तळहातावर ठेवून उजव्या हाताच्या नखाने तिच्यावर टिचकी मारत, मान वाकडी करून ऐकत, आणि वाटी परत ठेवून देत. दुकानदार घामाघूम झाला होता.

"अय्या, वाटीत ताक प्यायचंय की तिचं लग्न लावायचंय?"

"हिच्या भरवशावर अख्खं कोविल गाणार आहे," वाद्यार शांतपणे म्हणाले. "घाई करून कसं चालेल?"

मी तांब्या घ्यायला आलो होतो. पण सुराचा प्रश्न निघाला की गप्प बसवत नाही, हा माझा जुना आजार. मी पुढे होऊन म्हटलं, "ती डावीकडची घ्या. तिचा सूर गोड आहे."

त्यांनी ती पुन्हा वाजवली, ऐकली आणि माझ्याकडे बघून हसले. "गोड आहे. पण लगेच गप्प होते. मला अशी पाहिजे की तिचा सूर विरेपर्यंत पोरांचा श्वास घेऊन व्हावा."

शेवटी त्यांना मनाजोगती वाटी मिळाली, दुकानदाराने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मी तांब्या न घेताच घरी आलो. पुढच्या आठवड्यात चर्चच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून रुजू झालो, तर तिथे तमिळच्या वर्गात हेच गृहस्थ उभे.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, फार नाही. तंजावरच्या राजांबरोबर जी मराठी घराणी कावेरीकाठी आली, त्यातलं आमचं एक. पुढे इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि तलवार बाळगणाऱ्यांच्या नातवाच्या हाती पेन्सिल आली. घरात आम्ही आमची जुनी मराठी बोलायचो, उंबरा ओलांडला की तमिळ. मला फिडील वाजवायचा नाद होता. मरुदानल्लूरच्या भजनाला मी साथीला बसायचो. वाद्यार आणि मी बोलायचो ते अर्थात तमिळमध्येच. इथे मी त्यांचं बोलणं मराठीत लिहितोय, त्यात त्याची अर्धी चव जाणार हे मला ठाऊक आहे. इलाज नाही.

वाद्यार म्हणजे मास्तर. शाळेत ते तमिळ शिकवत, पण त्यांचं खरं काम रविवारचं. कोविल म्हणजे देऊळ, आणि इथले किरिस्ताव लोक आपल्या चर्चलाही कोविलच म्हणतात. त्या कोविलात दाराच्या वरच्या अंगाला एक लाकडी माळा होता, आणि त्या माळ्यावरची गाणारी मंडळी वाद्यारांच्या ताब्यात होती. काही पुरुष, काही मुलं, आणि एका बाजूला पाच-सहा बायका. फ्रान्सहून आलेली एक पायपेटीही होती, पण तिच्यात उंदरांनी बिऱ्हाड केल्यापासून वाद्यारांचा भरवसा वाटीवर होता. वाटी वाजायची, तिचा सूर हवेत असेपर्यंत सगळ्यांनी श्वास भरून घ्यायचा, आणि तो विरला की गाणं सुरू.

गाणं चालवताना ते हात हलवत नसत. फक्त उजव्या हाताची तर्जनी छातीपाशी धरलेली असे. ती वर गेली की सूर वर, वाकली की हळू, पुरती वाकली की थांबा. मी एकदा म्हटलं, "वाद्यार, पट्टणातला साहेब बँडवाला कसे दोन्ही हात फिरवतो. तुम्ही एका बोटावर भागवता."

"रावजी, मी दिवसभर मास्तर आहे," ते म्हणाले. "मी हात वर केला की पोरं मार चुकवायला बघतात. गातील कधी?"

माझ्यावर त्यांनी एक काम सोपवलं होतं. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात सराव चाले, त्यात नव्या चाली पोरांच्या कानात बसेपर्यंत मी फिडीलवर वाजवायच्या. कोविलात मी वाजवत नसे, तो माझा देवही नव्हता आणि माझी जागाही नव्हती. पण व्हरांडा सगळ्यांचा. त्यांच्या त्या लॅटिन चाली विलक्षण सरळ. आमच्या दक्षिणेकडच्या गाण्यात सूर स्थिर धरला तर ऐकणाऱ्याला वाटतं गवय्याची तब्येत बरी नाही. माझी बोटं आपसूक तारेवर झुलायची. वाद्यार डोळे मिटून ऐकत असत. सूर जरा हलला की तर्जनी वर.

"रावजी, हलवू नका. सूर झोपलाय. झोपू द्या त्याला."

पुढे मी घरी भजनाच्या चाली वाजवायला बसलो तरी मधूनच मला वाटायचं, कुणी तरी झोपलंय, जपून. माझी बायको अंबूबाई म्हणायची, "तुमच्या फिडीलाला काय जालं? मिळमिळीत कसाला वाजतंय?"

गाणाऱ्यांशी वाद्यार मऊ वागत. चूक झाली, बेसूर झालं, चालून जाई. एकाच गोष्टीला क्षमा नव्हती. शब्द मध्येच तोडून श्वास घ्यायचा नाही. कुणी तसा घेतला की सगळं गाणं थांबे. वाद्यार त्या मुलाला जवळ बोलवत, मडक्यातलं पाणी स्वतःच्या हाताने देत आणि विचारत, "तुझी आई तुला हाक मारताना अर्ध्या नावावर थांबते का?" मुलगा मान हलवी. "मग तू देवाला अर्ध्या नावावर का टांगून ठेवतोस?" मग पुन्हा पहिल्यापासून. सगळी पोरं पाणी पिणाऱ्याकडे अशा नजरेने बघत की त्या पाण्यापेक्षा छडी बरी.

या माणसाचं गाणी निवडणं मात्र बघण्यासारखं होतं. मला वाटायचं, एक जाडजूड पुस्तक असेल, त्यात आजचं पान काढायचं, झालं. सणांचं तसं असेलही. पण मधल्या साध्या रविवारांची गाणी वाद्यार शनिवारी दुपारी किरिस्तावांच्या गल्लीत फिरून ठरवायचे. छत्री घेऊन निघत. कुणाच्या ओसरीवर बसत, कुणाकडे नुसतं दारातून विचारत. कुणाचा ताप उतरला, कुणाचा मुलगा रंगूनला निघाला, कुणाच्या घरी भांडण झालं. मी एकदोनदा बरोबर गेलो. एका विणकराच्या घरापाशी ते थांबले, आत गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले. त्या घरातलं तान्हं मूल आदल्या दिवशी गेलं होतं.

रस्त्याने चालताना ते म्हणाले, "उद्याचं मातेचं गाणं बदलतो. त्यात बाळाला मांडीवर घेतल्याचं कडवं आहे. ती पोरगी खाली बसून ते कसं ऐकेल?"

"पण मग सगळ्यांनाच ते गाणं मिळणार नाही," मी म्हटलं.

"सगळ्यांना ते पुढच्या महिन्यात मिळेल. तिला उद्याचा रविवार एकदाच आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लांब, संथ, शब्द कमी असलेलं गाणं घेतलं. नंतर मला समजावून सांगितलं, रडणाऱ्याला गाणं असं हवं की त्याच्या आडोशाला रडता यावं. मला तेव्हा त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला माया हाच शब्द आहे. दुसरा शोधत नाही.

आता अक्काबद्दल सांगतो, कारण तिच्याशिवाय वाद्यार अर्धेच.

आरोक्यम ही वाद्यारांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. भाऊ तिला अक्का म्हणे, म्हणून सगळं गाव अक्का म्हणे. ती त्यांना तंबी म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. चाळिशी उलटलेल्या, मिशा पिकायला लागलेल्या मास्तरला भर व्हरांड्यात "तंबी, उपरण्याला शाई लागलीय" असं ऐकवायची. वाद्यारांनी लग्न केलं नव्हतं. त्यांना गाणं शिकवलं ते अक्कानेच, दळण दळता दळता. तिला अक्षर येत नव्हतं. पण एकदा ऐकलेली चाल तिच्याकडून सुटत नसे, मग ती लॅटिन असो की कोळ्याच्या होडीतली. माळ्यावरच्या बायकांत ती सगळ्यात मागे उभी राहायची आणि सगळ्यांच्या पुढे ऐकू यायची.

एका वर्षी मातेच्या सणाला जी गंमत झाली ती या भावाबहिणीतच होऊ शकते. सणाची मोठी मिस्सा, म्हणजे त्यांची सामुदायिक उपासना, सकाळची. त्रिचीहून पाहुणे धर्मगुरू आलेले, गल्लीत तोरणं, माणसांची गर्दी. पहाटे अक्काकडे पाहुणेमंडळींना पायसम वाढताना वाट्या कमी पडल्या. तिने जी हाताला लागली ती घेतली. मग चिंचेने घासून लख्ख केलेली एक वाटी वाद्यारांच्या पिशवीत ठेवून दिली. ती होती दुसरीच. सुरांची वाटी पाहुण्याच्या हातात पायसमासकट.

माळ्यावर वाद्यारांनी वाटी वाजवली. मी खाली दाराबाहेर उभा होतो, तिथूनच ओळखलं, वाटी दुसरीच आहे. सूर चांगला चार पायऱ्या वर होता. पण वाद्यारांनी गाणाऱ्यांना शिस्तच अशी लावलेली की वाटी म्हणेल तो सूर. सगळ्यांनी श्वास घेतला आणि उचललं. आता थांबवावं तर भर सणाच्या मिस्सेत. वाद्यारांनी बोट वर ठेवलं ते वरच ठेवलं. गाणं चढायला लागलं. आधी पुरुषांनी हात टेकले, मग मुलांच्या आवाजाच्या शिट्ट्या झाल्या आणि त्याही बंद पडल्या. सगळ्यात वरच्या जागेला फक्त एक आवाज उरला. अक्काचा. ती त्या उंचीवर एकटी, न ताणता, न ओरडता गेली आणि तसंच सगळ्यांना हाताला धरून खाली घेऊन आली.

मिस्सा झाल्यावर पाहुणे धर्मगुरू म्हणाले, त्या एकट्या आवाजाची योजना फार सुंदर होती. वाद्यार म्हणाले, "सामी, योजना घरचीच आहे." आणि घरी येऊन त्यांनी पायसमची वाटी धुऊन वाजवून पाहिली आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. अक्का मात्र रुसली होती. "पिशवीत बघून घ्यायला काय झालं होतं? माझा जीव वर गेला होता!"

"जीव नाही अक्का, तू गेली होतीस," वाद्यार म्हणाले.

त्यानंतर फार काळ गेला नसेल, कोविलचे म्हातारे फ्रेंच धर्मगुरू, ज्यांना सगळे सामी म्हणत, मायदेशी गेले आणि नवे आले. तरुण, सडसडीत, स्वतः उत्तम गाणारे. त्यांच्यापाठोपाठ रोमहून आलेला हुकूमही इथवर पोचला. देवळातलं गाणं शुद्ध हवं. नाटकी चाली नकोत, ढोल-ताशे नकोत. आणि माळ्यावर उभं राहून गाणं हे उपासनेतलं नेमून दिलेलं काम आहे, ते पुरुषांनी आणि मुलांनी करायचं. बायकांनी माळ्यावर गायचं नाही.

सामी काही दुष्ट नव्हते, हे सांगायला हवं. व्हरांड्यात येऊन त्यांनी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. वाद्यार उभे राहून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं सामी." बस, एवढंच.

मी चिडलो. "एवढंच? भांडायचं तरी!"

"रावजी, मी चाळीस पोरांना सांगतो, बोट वाकलं की थांबायचं, का ते विचारायचं नाही. आता मला कुणी तरी बोट वाकवून दाखवलंय."

पण घरी जाऊन अक्काला सांगणं त्यांच्याच्याने होईना. ते आमच्या ओट्यावर येऊन बसून राहिले. अंबूबाईने ताक आणून दिलं, ते तसंच हातात. ऊन उतरेपर्यंत बसले आणि मग गेले.

अक्का भांडली नाही की रडली नाही. पुढच्या रविवारी इतर बायकांबरोबर खाली जमिनीवर जाऊन बसली. डोक्यावर पदर, हात जोडलेले, तोंड बंद. तमिळ प्रार्थना सगळे मोठ्याने म्हणतात, तीही तिने ओठ न हलवता ऐकली. घरीही तसंच. जात्यावर बसली की पूर्वी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं, आता नुसती दगडाची घरघर. वाद्यार मला म्हणाले, "पूर्वी मी घरात शिरताना आवाजावरून समजायचं अक्का कुठल्या खोलीत आहे. आता हाक मारून शोधावं लागतं." हे सांगताना त्यांचा स्वर साधाच होता.

माळ्यावरचं गाणं शुद्ध झालं आणि रोडावलं. वाद्यार बोट वर करत, पोरं वर जात, पण त्यांच्या मागे उभं राहणारं कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर गाण्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. ते पुन्हा उभं राहिलं असतं. त्यांना एकच लागून राहिलं होतं. हुकूम न मोडता अक्काचा आवाज त्या कोविलात परत कसा आणायचा. शनिवारच्या फेऱ्यांत ते सगळ्यांची दुःखं विचारून त्यावर गाणं शोधायचे, आणि घरातल्या एका माणसासाठी त्यांना गाणं सापडत नव्हतं.

वाट दाखवली ती अंबूबाईने, तीही वैतागून. मी घरी हेच दळण दळत होतो, तेव्हा ती पोळपाट आपटून म्हणाली, "वर गायला नोको म्हणाले, खालीं बसून गायला नोको म्हणाले काय? अमच्या भजनांत बायका मागें बसून अस्की, सगळं गातात की. त्यांना कोण माळ्यावर चढवलं?"

मी दुसऱ्या दिवशी हे वाद्यारांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मला तुमचं भजन ऐकायचंय."

एका एकादशीच्या सकाळी आम्ही बैलगाडीने मरुदानल्लूरला गेलो. ते आत आले नाहीत, बाहेर नारळाच्या सावलीत उभे राहिले. पुढे बसलेले भागवत, म्हणजे भजन सांगणारे, एक ओळ म्हणत आणि मागचे सगळे, बाया-बापड्या, दुकानदार, गुराखी, ती ओळ उचलून परत देत. फिडील वाजवता वाजवता माझं लक्ष खिडकीतून त्यांच्याकडे. त्यांची तर्जनी छातीपाशी आली होती, पण हलत नव्हती.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "मागच्यांना कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. पुढच्यांचं ऐकून ऐकून येतं."

"मग माझंच चुकत होतं, रावजी. मी आयुष्यभर वरच्यांना शिकवत बसलो. खाली बसलेल्यांना कधी विचारलंच नाही."

ते तडक सामींकडे गेले. मीही मागोमाग गेलो आणि दाराशी थांबलो. वाद्यारांनी विचारलं, "सामी, माळ्यावर बायका नकोत, बरोबर. खाली बसलेल्या लोकांनी उत्तरं गायला हुकूम अडवतो का?"

"अडवतो?" सामी खुर्चीवरून उठलेच. "त्यात उलट तेच लिहिलंय! लोकांनी गायला हवं. पण लोकांना येत कुठे?"

"लोकांत बायकाही येतात ना, सामी?"

सामींचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी हसू दाबल्यामुळे. "लोक म्हणजे लोक, वाद्यार," ते म्हणाले.

अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं घरी जात्यापाशी बसलं होतं. वाद्यारांनी किरिये निवडलं. मिस्सेच्या सुरुवातीची ही विनवणी. प्रभू, दया कर, एवढाच तिचा अर्थ. माळ्यावरचे एकदा म्हणणार, 'किरिये एलेइसोन', आणि खालचे तेच परत देणार. शब्द दोनच, तेच पुन्हा पुन्हा. पुरुषांना त्यांनी स्वतः शिकवलं. बायकांमध्ये बसून शिकवणं पुरुषाला शोभणारं नव्हतं. ते अक्काकडे गेले.

"तुम्ही सगळ्यांनी मला वरून उतरवलंत," अक्का म्हणाली. "आता खालून गा म्हणता. उद्या म्हणाल बाहेर जाऊन गा."

वाद्यार म्हणाले, "तू गाऊ नकोस. नुसतं त्यांना शिकव."

अक्काने बराच वेळ जातं फिरवलं. "शिकवीन," ती म्हणाली. "पण मी गाणार नाही."

तांदूळ निवडायला गल्लीतल्या बायका तिच्या ओसरीवर जमायच्याच. तिथेच शाळा सुरू झाली. वाद्यार घराच्या मागच्या अंगाला, केळीपाशी, वाटी घेऊन बसत. तिकडून टिचकी वाजे आणि इकडे ओसरीवर सुरू. मी शेजारी बसलेला, फिडील मांडीवर, वाजवायची परवानगी नाही. न गाता गाणं कसं शिकवणार? पहिल्या दिवशी अक्काने शब्द नुसते बोलून सांगितले. बायकांनी त्याचं जे केलं ते ऐकून कावळे उडाले. दुसऱ्या दिवशी ती थोडं गुणगुणली. मग एका दुपारी एक म्हातारी कितीही सांगितलं तरी सूर खालीच धरून बसली, तेव्हा अक्काचा संयम सुटला आणि "अगं असं!" म्हणून तिने ती ओळ उचलली. पूर्ण. सरळ. तो झोपलेला सूर. केळीच्या पानामागे वाद्यारांनी वाटी मांडीवर ठेवली आणि उपरणं तोंडावर ओढून घेतलं. मी दुसरीकडे बघत राहिलो.

तो रविवार आला. मी कोविलच्या दाराशी, वहाणा काढून, नेहमीच्या जागी. आत डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, सगळे जमिनीवर. वर माळ्यावर वाटी वाजली. पोरांनी किरिये म्हटलं. पुरुषांनी ते धडपडत, ठेचकाळत परत दिलं. पुन्हा पोरं. आता बायकांची पाळी. आधी काहीच आलं नाही. मग एकदोन घाबरे आवाज. अक्का पुढून तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेली मला दिसत होती. त्या घाबऱ्या आवाजांना सूर सापडेना, ते खाली खाली जायला लागले. आणि मग तिने मान वर केली आणि गायला लागली. तिच्यापाठोपाठ सगळ्या बायका. मी त्या धर्माचा नाही, ती भाषा मला येत नाही, पण माझ्या डोळ्यांतून पाणी वाहिलं आणि मी ते पुसलंही नाही.

मी माळ्याकडे बघितलं. वाद्यार कठड्यावर ओणवे झाले होते. बोट, हात, काहीच हलत नव्हतं.

पुढे काही वर्षं ते असंच चाललं, आणि वाढत गेलं. सामी खूश होते. इतर गावचे लोक ऐकायला येत. पण अक्काला दमा लागला. ती आता त्या लांबलचक 'एलेइसोन'च्या शेवटापर्यंत एका दमात पोचेना. 'एलेइ' म्हणून ती थांबायची, श्वास घ्यायची, आणि मग 'सोन'. नेमकी ती चूक, जिच्यासाठी वाद्यार पोरांना पाणी पाजत आले होते. आणि बायकांना चाल ठाऊक होती ती अक्काची, त्यामुळे त्याही सगळ्या तिथेच थांबायला लागल्या.

पहिल्यांदा हे झालं त्या दिवशी मी दोघांबरोबर घरापर्यंत चालत गेलो. अक्का थांबत थांबत चालत होती. गल्लीच्या तोंडाशी ती म्हणाली, "तंबी, शब्द तुटला ना रे आज?"

"कुठे?" वाद्यार म्हणाले. "मला नाही ऐकू आला."

गाण्याच्या बाबतीत त्यांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

अक्का एका पोंगलनंतर गेली. तिच्यासाठी कुठलं गाणं निवडायचं हे विचारायला मी गेलो नाही, ते किरियेच असणार हे उघड होतं. त्यानंतर लवकरच माझी बदली तंजावरला झाली. वाद्यारांची खुशाली कधीमधी कळायची. आवाज गेला, डोळे अधू झाले, माळ्यावरची जागा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका तरुणाने घेतली.

शेवटचं त्यांना पाहिलं ते पुतणीच्या लग्नासाठी कुंभकोणमला गेलो तेव्हा. शनिवार होता. त्यांच्या घरी गेलो तर शेजारीण म्हणाली, कोविलात आहेत, सराव चाललाय. मी जाऊन दाराशी उभा राहिलो. काळ बदलला होता, नवा वाद्यार स्वतः खाली बायकांना शिकवत होता. आता बहुतेक साऱ्या तरुण पोरी होत्या, काहींनी तर अक्काला पाहिलंही नसेल. त्या किरिये म्हणत होत्या आणि 'एलेइ'वर येऊन सगळ्या एकदम थांबत होत्या, श्वास घेत होत्या आणि मग 'सोन'. तो तरुण हैराण झाला होता.

"शब्द तोडू नका! एका श्वासात म्हणा. देवाला अर्ध्या नावावर टांगून ठेवता का?"

मला हसू आलं. मागे खांबाशी टेकून रायप्पन वाद्यार एका तिवईवर बसले होते, अगदी वाळलेले, उपरण्यात गुंडाळलेले. त्यांची तर्जनी छातीपाशी वर आली. तो तरुण पळत त्यांच्याकडे गेला आणि वाकला.

"राहू दे," वाद्यार म्हणाले. आवाज नुसता वाऱ्यासारखा उरला होता, पण शांत झालेल्या कोविलात मला दारापर्यंत ऐकू आला. "तिथे माझी अक्का श्वास घेते."

तो तरुण परत गेला. त्याने वाटी वाजवली. तीच वाटी. पोरी पुन्हा म्हणायला लागल्या. वाद्यार डोळे मिटून, तोंड मिटून ऐकत होते, गाणं त्यांच्याकडून केव्हाच गेलं होतं. पण 'एलेइ'पाशी सगळ्या थांबल्या तेव्हा उपरण्याखाली त्यांची छाती हळूच वर आली, आणि पोरींबरोबर त्यांनीही श्वास घेतला.